पांचाळ बाईंची क्षेत्रभेट

पांचाळ बाई घाबरट होत्या, हे आधीच सांगून टाकतो. हल्ली गावात त्यांची आठवण निघाली की बाई म्हणजे कोणी वाघीण होत्या असा सूर लागतो. असं बोलणारे तेच, जे त्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये सतरंजीची नक्षी बघत बसले होते. बाई वाघीण नव्हत्या. वाटेत कुत्रं दिसलं की पाणंद सोडून लांबच्या रस्त्याने जायच्या. खाडी ओलांडायला तरीत बसल्या की पलीकडचा काठ येईपर्यंत डोळे उघडायच्या नाहीत. तळहाताला सतत घाम. खडू ओला होऊन मोडायचा, म्हणून त्याच्याभोवती रुमाल गुंडाळून फळ्यावर नकाशे काढायच्या. तास संपेपर्यंत रुमालावर नद्यांचा निळा आणि डोंगरांचा तपकिरी रंग उतरलेला असायचा. अशा बाईने जे केलं, ते एखाद्या वाघिणीने केलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

गावाचं नाव लिहीत नाही. रत्नागिरीहून खाडीच्या कडेकडेने आत आलं की लागतं, एवढं पुरे. ज्या माणसाबद्दल पुढे लिहावं लागणार आहे त्याचंही नाव लिहीत नाही. शाळा समितीचा अध्यक्ष म्हणून सगळे त्याला चेअरमन म्हणतात, मीही तेच म्हणेन. तो आहे अजून, आणि मलाही याच गावात राहायचं आहे.

माझा बाईंशी संबंध गाडीमुळे आला. मी जेटीवर मासळीच्या ट्रकचा क्लीनर होतो, मग ड्रायव्हर झालो, आज दोन मिनीबस माझ्या स्वतःच्या आहेत. कोणी दिल्या नाहीत. सौद्यात मला हरवणारा माणूस मी अजून बघितलेला नाही, आणि डोकं तापलं की माझ्या तोंडाला कोणी लागत नाही, हेही खरं. शाळेच्या सहली माझ्याच गाडीतून जायच्या. सहल म्हणजे गणपतीपुळे, जाता जाता मालगुंड, नाहीतर एखादा किल्ला. जन्मापासून खारं पाणी बघणारी आमची पोरं आणखी थोडं खारं पाणी बघून, आइस्क्रीम खाऊन परत यायची. पांचाळ बाई शाळेत आल्या त्या वर्षी हिवाळ्यात त्यांनी मला स्टाफरूमच्या दारात बोलावलं.

"चंदूभाऊ, आठवीची भूगोलाची क्षेत्रभेट आहे. तहसील कचेरी आणि पोलीस ठाणं."

"कोणाला पकडलाय?" मी विचारलं.

"कोणालाच नाही. बघायला जायचंय."

"बाई, ती काय बघायची जागा हाय? तिथे माणूस नाइलाज झाल्याशिवाय जात नाय."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या आणि हात रुमालाला पुसले.

मग त्यांनी अटी सांगितल्या. गाडी मी स्वतः चालवायची, अनोळखी ड्रायव्हर पाठवायचा नाही. आणि जिथे गाडी लावीन तिथे तिचं तोंड रस्त्याकडे करून ठेवायचं.

"ते कशाला?"

"निघायला बरं पडतं."

आम्ही बँक लुटायला निघालोय की काय, असं मला वाटलं. पण नंतर लक्षात आलं, बाई कुठेही बसल्या तरी अशाच बसायच्या. लग्नाच्या मांडवात, स्टाफरूममध्ये, देवळात सुद्धा, दार दिसेल अशी जागा धरून.

त्या संगमेश्वराकडच्या. वडील सुतारकाम करायचे. कचेरीचं हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला पहिल्या वर्षी तहसील कचेरीच्या आवारातच सांगितलं, मी गाडी वळवून लावत असताना. लहानपणी वडील त्यांना बरोबर घेऊन देवरुखला जायचे, घराच्या जागेचा कसलासा कागद हवा होता म्हणून. कचेरीसमोर झाड होतं. वडील सकाळी त्या झाडाखाली उभे राहायचे ते संध्याकाळपर्यंत. आत कोणत्या दाराने जायचं हे माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटायची. घरी परतल्यावर आईला सांगायचे, साहेब नव्हता.

"साहेब होता," बाई म्हणाल्या. "मी खिडकीतून बघितला होता. डबा खात होता. पण वडिलांना मी ते कधी सांगितलं नाही."

"आणि कागद?"

"तो नाहीच मिळाला."

एवढं बोलून त्या मुलांकडे वळल्या. मुलं गाडीजवळ एकमेकांना चिकटून उभी होती. बाईंनी पर्समधून डबी काढली आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक आमसूल ठेवलं. "गालात धरा. तोंडाला कोरड पडली की शब्द अडकतात." स्वतःच्याही गालात एक धरलं. मग नियम सांगितले. चपला दारात काढायच्या नाहीत, हे देऊळ नव्हे. हात जोडून उभं राहायचं नाही, हात वहीवर ठेवायचे. आत गेल्यावर आधी उत्तर दिशा शोधायची.

कारण मुलांना कचेरीचा नकाशा काढायचा होता. दार कुठे, खिडकी कुठे, कोण कोणाच्या डावीकडे बसतं, अर्ज कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर जातो. बाई म्हणायच्या, नदी कुठून निघते आणि कुठे मिळते हा भूगोल असेल तर कागद कुठून निघतो आणि कुठे अडतो हाही भूगोलच आहे. नकाशाखाली सूची असायची: चौकोन म्हणजे टेबल, टिंब म्हणजे माणूस, काळं टिंब म्हणजे रागीट माणूस. एका हेडक्लार्कने पोरीच्या वहीत डोकावून विचारलं, "मी कोणता गं यात?" पोरीने पान झाकलं. तो समजला आणि तेवढा दिवस गोड बोलला.

पण नकाशा काढणं वेगळं आणि साहेबासमोर तोंड उघडणं वेगळं. वर्गात बाईंनी पोरांना एकेकटं उभं करून सराव घेतला, तर एकाच्याही घशातून आवाज निघेना. मग त्यांनी शिमगा बघितला. आमच्याकडे पालखीपुढे गाऱ्हाणं घालतात. एक जण देवाला गावाचं म्हणणं सांगतो, आणि प्रत्येक म्हणण्यावर सगळा गाव एका आवाजात "व्हय महाराजा" म्हणतो. जी पोरं वर्गात मुकी होती, तीच तिथे बेंबीच्या देठापासून ओरडत होती. बाईंनी ते उचललं. प्रश्न एकाने विचारायचा, बाकीच्यांनी व्हय म्हणायचं. "मग प्रश्न एकट्याचा राहत नाही," त्या म्हणायच्या. "एकट्याने विचारलं की त्याला एकट्याला गाठतात."

पुढच्या वर्षीच्या भेटीत तहसीलदार घाटावरचे होते, नवीनच बदलून आलेले. सोहम नावाचा पोरगा पुढे झाला. "साहेब, सातबारा कोण देतो, किती दिवसांत देतो, आणि नाय दिला तर कोणाकडे जायचा?" मागून सगळा वर्ग गरजला, "व्हय महाराजा." बाहेरचा शिपाई धावत आत आला. साहेब अर्धे उठले होते.

"हे काय आहे बाई?"

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. "अनुमोदन, साहेब," त्या म्हणाल्या.

साहेब हसायला लागले ते थांबेनात. मग त्यांनी मुलांना टेबलाभोवती घेतलं आणि सातबारा कसा वाचायचा ते दाखवलं. गाडीत परत येताना बाई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. मला वाटलं झोपल्या. आरशात नीट बघितलं तर ओठ हलत होते.

अशी तीन वर्षं गेली. गावात हळूहळू फरक दिसायला लागला. म्हातारीचं निराधार योजनेचं काम अडलं की ती एजंटकडे न जाता आठवीतल्या नातीला घेऊन तालुक्याला जायची. "आमच्या बायला दारां ठावकी हायत," असं सांगायची. चेअरमनने स्नेहसंमेलनात बाईंना नारळ आणि शाल दिली. तेव्हा त्याला कौतुकच होतं.

आता खाडीचं सांगायला हवं. चेअरमनच्या बोटी खाडीत पंप लावून वाळू ओढतात, हे गावात तान्ह्या पोराला माहीत होतं. खाडीचा तळ खोल गेला तसा काठ सुटत गेला, आणि खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून आमच्या आजोबा-पणजोबांनी घातलेला खारबंधारा दोन ठिकाणी फुटला. भाताच्या खाचरांत खारं शिरलं. ज्या शेतात मी लहानपणी लावणीला जायचो तिथे आता खेकडे धरतात. ग्रामसभेत हा विषय फक्त एकाने काढला, आमच्या खालच्या वाडीतला दत्ताराम, मासे मारून पोट भरणारा. तो काही वाकडं बोलला नाही. बंधारा बांधून द्या, एवढंच म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याची होडी धक्क्याजवळ बुडालेली सापडली. तळाच्या फळ्या आतून फोडलेल्या होत्या. कोणी फोडल्या, हे कोणी विचारलं नाही. दत्तारामनेही नाही. त्यानंतर तो कुठल्या सभेत उठला नाही.

त्याची मुलगी आर्या. चौथ्या वर्षीच्या क्षेत्रभेटीत ती आठवीत होती. त्याच वर्गात चेअरमनचा मुलगा वेदांतही होता.

त्या वर्षी पोलीस ठाण्यात एक तरुण फौजदार बाई होत्या, लातूरकडच्या. त्यांनी मुलांना सगळं फिरून दाखवलं. वायरलेस, ठाणे अंमलदाराचं टेबल, रिकामी कोठडी. कोठडीच्या गजांना हात लावायला पोरांची झुंबड उडाली. पांचाळ बाई मात्र भिंतीला पाठ लावून दाराकडे बघत उभ्या होत्या. मीही आत आलो होतो. पोलीस म्हटलं की गाडीवाल्याचा हात आधी खिशातल्या लायसनकडे जातो, तसा माझाही गेला होता. बाकावर दोन-तीन माणसं आपापल्या कामासाठी बसलेली. त्यातला एक जण चहा पीत मोबाइल बघत होता. मी त्याला कुठेतरी बघितलं होतं, पण तेव्हा आठवलं नाही.

"विचारा आता काय विचारायचं ते," फौजदार बाई म्हणाल्या.

आर्याचा प्रश्न ठरलेला होता, वहीत लिहिलेला. "मॅडम, या ठाण्याची हद्द कुठून कुठपर्यंत?"

"व्हय महाराजा," वर्ग म्हणाला. फौजदार बाईंना गंमत वाटली. त्या भिंतीवरच्या नकाशाकडे गेल्या आणि बोट फिरवत हद्द दाखवली. हा हायवेकडचा भाग, हा वरचा कातळाचा सडा, ही खाडी. खाडी इथपर्यंत आपली.

आर्या नकाशाकडे बघत राहिली. तिने आता मागे सरायचं होतं. प्रश्न संपला होता. पण ती तशीच उभी राहून म्हणाली, "मग आमच्या खाडीत पंप लावून वाळू काढतात, त्याच्यानं बंधारा फुटलाय. ती आपलीच हद्द ना?"

आणि तिचं वाक्य संपताच, तीन महिने घोटलेल्या सवयीने, सगळा वर्ग म्हणाला, "व्हय महाराजा."

वेदांतसुद्धा म्हणाला. मी त्याच्या शेजारीच उभा होतो.

व्हय म्हणून झाल्यावर मुलांना कळलं की आपण कशाला व्हय म्हटलं. फौजदार बाईंच्या चेहऱ्यावरची गंमत गेली. त्यांनी टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला. "हे कोण सांगतंय? बाळ, नाव काय तुझं?"

आर्याने तोंड उघडलं, पण नाव बाहेर पडायच्या आत पांचाळ बाई भिंत सोडून तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या. इतक्या पटकन चालताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"माझं नाव लिहा," त्या म्हणाल्या.

"तक्रार तुमची आहे?"

"भूगोल माझा विषय आहे."

"बाई, विचार करा. मी हे लिहिलं की मला पुढची कारवाई करावी लागेल. तुमचं नाव त्यात राहील."

"मुलांचं कोणाचं राहणार नाही ना?"

"नाही."

"मग लिहा."

आवाज इतका बारीक झाला होता की फौजदार बाईंना दोनदा विचारावं लागलं. सही केल्यावर बाईंनी हात उचलला तर कागद तळहाताला चिकटून वर आला. मी बाकाकडे बघितलं. चहाचा पेला अर्धा भरलेला होता आणि माणूस नव्हता. तेव्हा आठवलं, त्याला मी चेअरमनच्या अंगणात बघितलं होतं.

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी गाणी म्हटली नाहीत. हायवे सोडून खाडीच्या रस्त्याला लागलो तशी मागे एक मोटरसायकल आली, दोघे बसलेले. पुढे जाईना, मागे राहीना. मी हळू केली की तेही हळू. माझं डोकं भणभणायला लागलं. स्टेअरिंगखाली मी जॅकचा दांडा ठेवतो. तो हातात घेऊन उतरावं आणि काय ते विचारावं, म्हणून मी ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबू नका," बाई मागून म्हणाल्या. "मुलं आहेत."

त्यांनी आर्याला मधल्या रांगेत मुलींच्या घोळक्यात बसवलं आणि स्वतः मागच्या काचेला पाठ लावून बसल्या, म्हणजे मागच्यांना आतलं दिसू नये. मग हळू आवाजात त्या मुलांना म्हणाल्या, "घरी विचारलं तर काय सांगायचं? आपण विचारलं. मी नाही, ती नाही, आपण. खोटं नाही बोलायचं. तुम्ही सगळे व्हय म्हणालात की नाही?"

एकेक मुलगा मान हलवून म्हणत गेला, "आपण विचारलं." वेदांतची पाळी आली तेव्हा तो रडत होता. बाईंनी त्याला म्हणायला लावलं नाही. नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

आम्ही गावात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. दुकानांच्या फळ्या लागल्या होत्या. एरवी गाडी आली की पोरांना न्यायला आया घोळक्याने उभ्या असतात, त्या दिवशी प्रत्येक आई आपापलं पोर हाताला धरून न बोलता निघून गेली.

दोन दिवसांनी बोटी पकडल्या. एक पंप जप्त झाला. त्यानंतरचा आठवडा कसा गेला ते सांगता येत नाही, कारण काहीच झालं नाही. कोणी धमकी दिली नाही, कोणी दगड मारला नाही. फक्त बाई शाळेतून निघाल्या की कोपऱ्यावर ती मोटरसायकल उभी असायची. बाई भाड्याच्या खोलीवर पोचेपर्यंत ती मागे असायची, मग निघून जायची. बाईंकडे येणारी भाजीवाली येईनाशी झाली. घरमालकीण म्हणाली, मुलगा मुंबईहून येणार आहे, खोली लागेल. बाई मला म्हणाल्या, "कुत्र्याचं बरं असतं, भुंकतं तरी."

मग चेअरमनने शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा बोलावली. सगळा गाव आला. त्याने पांढरे कपडे घातले होते आणि आवाज अगदी मऊ ठेवला होता.

"बाईंबद्दल आमाला आदर हाय. त्यांनी सही केली, ती त्यांची जबाबदारी. पण पोरां अशी आपल्या मनानं बोलत नायत. कोणीतरी शिकवून पाठवलाय. मना एवढाच सांगा बाई, पयला कोण बोल्ला?"

दत्ताराम माझ्या पुढच्या रांगेत होता. त्याच्या सदऱ्याची पाठ बघता बघता ओली झाली.

मी उठलो. "पयला कोण बोल्ला ता कशाला पायजे? खोटा बोल्ला काय कोण? बंधारा फुटलाय का नाय, ता सांगा आधी."

"चंद्या," चेअरमन माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तुज्या गाड्यांचे पासिंगचे कागद बरोबर हायत ना? नाय, रस्त्यात उगाच कोण अडवायला नको."

मी पुढे जाणार तोच दोघातिघांनी माझा शर्ट धरून मला खाली ओढलं. ते माझ्याच वाडीतले होते. त्यांची शेतं माझ्या शेताला लागून खारी झालेली होती. मी म्हटलं, अरे व्हय तरी म्हणा. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये शिमग्याला घसा फोडणारे दोनशे गळे होते. एकातून आवाज आला नाही.

बाई उभ्या राहिल्या. "सगळी मुलं बोलली," त्या म्हणाल्या.

"पयला कोण?"

"गाऱ्हाणं एक जण घालतो, पण ते त्याचं नसतं. तुम्हाला माहीत आहे, शिमग्यात तुम्हीच घालता."

चेअरमनचं हसू तसंच राहिलं, पण मान आखडली. त्याने दारात उभ्या असलेल्या मुलाला हाक मारली. वेदांत पुढे आला. बारीक पोरगा, बापाच्या छातीएवढाही नाही.

"सांग रे. कोण बोल्ला पयला?"

वेदांतने आधी बाईंकडे बघितलं.

"घाबरू नको. मी हाय ना."

"आपण विचारलं," वेदांत म्हणाला.

"आपण म्हणजे कोण?"

"आपण. मीपण व्हय म्हटलं, बाबा."

सगळ्यांना वाटलं आता थप्पड बसणार. दत्तारामने मान खाली घातली होती. चेअरमनने हात उचलला, तो मुलाच्या खांद्यावर ठेवला, आणि म्हणाला, "बरां." एवढंच. मुलाला घेऊन तो निघून गेला. त्याने मारलं असतं तर मला इतकी भीती वाटली नसती. लोक आपल्या चपला शोधत कधी बाहेर पडले तेही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई एकट्याच चेअरमनच्या घरी गेल्या. मला ते चार दिवसांनी कळलं, त्या बॅग घेऊन एसटीच्या थांब्यावर उभ्या दिसल्या तेव्हा. मी गाडी त्यांच्यापुढे थांबवली.

"कुठे निघालात?"

"बदली मागितली. संस्थेची खेडच्या बाजूला शाळा आहे, तिथे." मग घाईघाईने म्हणाल्या, "मी जायचं, आणि मुलांना कोणी काही विचारायचं नाही. त्यांनी कबूल केलंय."

मला असा संताप आला की मी गाडीतून उतरून रस्त्यावरच ओरडायला लागलो. "त्याच्या शब्दावर? बाई, निदान मला विचारायचं होतं. आधी सगळं देऊन मोकळं व्हायचं नसतं, अर्धं आपल्या हातात ठेवायचं असतं. तुमची सही आहे, तक्रार आहे, ती फौजदारीण आहे. मी दोन गाड्या भरून माणसं कलेक्टरकडे नेतो."

"भरतील?" बाईंनी विचारलं.

मला हॉलमधले ते दोनशे गळे आठवले.

"तुम्ही भांडलात की ते पोरीचं नाव शोधतील," त्या म्हणाल्या. "मी गेले की शोधायचं कारण उरत नाही. तुम्ही माझ्याशी बोलत उभे राहू नका, चंदूभाऊ. कोणीतरी बघत असेल."

खरंच कोणीतरी बघत होतं. मोटरसायकल पिंपळाखाली उभी होती. एसटी आली, बाई चढल्या, आणि मोटरसायकल एसटीच्या मागे निघाली. मी ती वळणापर्यंत बघितली.

शाळेची भाडी माझ्या हातून गेली, त्याचं मला काही नाही. राग आहे तो त्या हॉलमधल्या शांततेचा. आणि खरं सांगायचं तर बाईंचाही आहे. मी असतो तर हा सौदा असा होऊ दिला नसता. काहीतरी परत घेऊन आलो असतो. चार वर्षं मी मनातल्या मनात तो सौदा पुन्हा पुन्हा करतो आहे, आणि दर वेळी कुठेतरी अडतो, कारण त्या बाजूला एक तेरा वर्षांची मुलगी बसलेली असते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर लग्नाचं वऱ्हाड घेऊन मी खेडकडे गेलो होतो. परत येताना एका मोटरसायकलवाल्याने माझ्या गाडीला घासलं आणि प्रकरण तिथल्या पोलीस ठाण्यापर्यंत गेलं. आत शिरलो तर बाकावर पांचाळ बाई. केस बरेच पिकले होते. दार दिसेल अशा बेताने बसल्या होत्या. मला बघून त्या दचकल्या, आणि आधी माझ्या मागे कोणी आहे का ते बघितलं.

"तुम्ही इथे?"

"मुलांना घेऊन यायचंय पुढच्या आठवड्यात. परवानगी हवी. आधी स्वतः बघून घ्यावं म्हटलं." त्यांनी आवाज खाली आणला. "तिला कोणी काही विचारलं?"

नाव त्यांनी तिथेही घेतलं नाही.

"नाय."

"तिच्या वडिलांना?"

"नाय. अकरावीला आहे ती. वेदांत तिच्याच वर्गात आहे."

"खरं सांगताय ना चंदूभाऊ?"

"खरं."

त्यांनी हातातला रुमाल घडी घालून पर्समध्ये ठेवला. बोटी पुन्हा चालू आहेत का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. एवढी वर्षं साठवलेलं बरंच काही मला त्यांना ऐकवायचं होतं. त्यांना तोडून बोलायचं, भांडायचंसुद्धा होतं. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि सुरुवात कुठून करावी ते ठरवत होतो, तेवढ्यात हवालदाराने विचारलं, "शाळेच्या बाई कोण? साहेबांनी बोलावलंय."

बाई उठल्या. साहेबांच्या खोलीला ते अर्धं झुलतं दार असतं तसं दार होतं, खालून गुडघ्याएवढी जागा मोकळी. दार ढकलून त्या आत गेल्या, आणि दार मागे-पुढे हलत राहिलं. त्याच्या खालून मला त्यांच्या साडीचा काठ आणि पाय दिसत होते. पाय दाराशीच थांबले होते. आतून कोणीतरी जोरात विचारलं, "काय काम आहे?" पाय हलले नाहीत. मी बाकावरून अर्धा उठलो.

मग एक पाय पुढे पडला, आणि दुसरा.

तेवढंच दिसलं. माझंही नाव पुकारलं होतं, पलीकडच्या टेबलावरून.